मूळ गावाच्याही मागे: हॅप्लोग्रुपवरून आपल्या पूर्वजांची वाट कशी शोधावी

बडोद्यातल्या मराठी घरात ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नाला उत्तर तयार असतं. कोणी सातारा सांगतं, कोणी वाई, कोणी कोकणातलं एखादं गाव. खुद्द गायकवाड घराणं पुणे जिल्ह्यातल्या दावडीचं. पिलाजीरावांनी १७२० च्या दशकात गुजरातेत जम बसवला, दमाजीरावांनी १७३४ मध्ये बडोदा घेतलं आणि त्यांच्या मागोमाग शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य, गवई, कारागीर अशी घरंच्या घरं इकडे आली. आपल्या आठवणीतलं स्थलांतर एवढंच, साधारण तीनशे वर्षांचं, दहा पिढ्यांचं.

त्यामागचं स्थलांतर कागदावर नाही, शरीरात आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत ते वाचायची पद्धत इतकी पक्की झाली आहे की घरबसल्या कोणालाही आपल्या दोन रेषा हजारो वर्षं मागे नेता येतात. त्यासाठी काय करावं आणि हाती आलेल्या उत्तराचा अर्थ कसा लावावा, हे इथे क्रमाने सांगतो.

एक हिशेब आधीच मनात पक्का करा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमच्या वंशवृक्षात पूर्वजांच्या १०२४ जागा आहेत. हॅप्लोग्रुप म्हणजे डीएनएतले तेच ठरावीक बदल वाहणाऱ्या, एका समान पूर्वजापासून निघालेल्या रेषांचा गट. तो त्यांतल्या फक्त दोन जागांबद्दल बोलतो: वडिलांचे वडील, त्यांचे वडील असं सरळ वर गेल्यावर भेटणारा एक पुरुष, आणि आईची आई, तिची आई असं वर गेल्यावर भेटणारी एक स्त्री. उरलेल्या १०२२ जागांबद्दल तो एक अक्षरही सांगत नाही. हॅप्लोग्रुप ही एका रेषेची ओळख आहे. माणसाची, घराण्याची किंवा जातीची ओळख म्हणून ती वापरता येत नाही.

नेमकं वाचायचं काय असतं

वाय गुणसूत्र बापाकडून फक्त मुलाकडे जातं. मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या कणांचा डीएनए आईकडून सगळ्या मुलामुलींकडे येतो, पण पुढे जातो तो फक्त मुलींकडून. इतर गुणसूत्रांची दर पिढीत सरमिसळ होते. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आणि वायचा बहुतेक भाग मात्र जसाच्या तसा उतरतो, आणि उतरताना क्वचित एखादं अक्षर, म्हणजे डीएनएचा एक सुटा घटक, बदलतं.

हे समजायला बडोद्यातच उत्तम उदाहरण आहे. इथल्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, ती १९७५ मध्ये पूर्ण झाली. देशभरातल्या पोथ्या समोर ठेवून, कोणता पाठभेद कोणकोणत्या पोथ्यांत सापडतो ते पाहून, संपादकांनी पोथ्यांच्या शाखा ठरवल्या. एका लेखनिकाच्या हातून एक अक्षर चुकलं की त्या पोथीवरून उतरवलेल्या सगळ्या प्रतींत तीच चूक येते, त्यामुळे समान चूक म्हणजे समान पूर्वज. हॅप्लोग्रुपचं झाड याच तर्कावर उभं आहे. फरक इतकाच की इथे उत्परिवर्तनांची, म्हणजे अशा अक्षरबदलांची नोंद जगभरच्या लाखो माणसांच्या नमुन्यांतून झाली आहे.

आकारातला फरकही लक्षात घ्या. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत १६,५६९ अक्षरं असतात. वायमध्ये ६ कोटी २४ लाखांहून थोडी जास्त अक्षरं आहेत आणि तो टोकापासून टोकापर्यंत पहिल्यांदा वाचला गेला २०२३ मध्ये. त्यातला बराच भाग पुनरावृत्तीचा असल्याने वंशशोधासाठी भरवशाची अशी एक-दीड कोटी अक्षरंच हाती लागतात. तरीही ती मायटोकॉन्ड्रियाच्या शेकडो पट आहेत, म्हणून पितृरेषा मातृरेषेपेक्षा कितीतरी बारकाईने वाचता येते.

पहिली पायरी: आधी कागद, मग डीएनए

एका मोठ्या कागदावर दोन सरळ रेषा काढा. वडिलांच्या बाजूची रेषा भरायला सोपी जाते, कारण आपल्याकडचे कागद पुरुषांच्या नावाने असतात. छापलेला कुलवृत्तांत असेल तर तो काढा. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वजांच्या सह्या सापडू शकतात. मूळ गाव सातारा-सांगलीकडे असेल तर हेळव्यांकडे, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणाऱ्यांकडे, तुमची वंशावळ असू शकते. घरात इनामाचे, सनदेचे मोडी कागद पडून असतील तर मोडी वाचणाऱ्याला दाखवा.

आईची रेषा मात्र कागदावर जवळजवळ नसतेच. आजीचं माहेरचं आडनाव, तिच्या आईचं माहेर, त्या आजीचं गाव, एवढं जरी मिळालं तरी पुष्कळ. लग्नात बाईचं आडनाव बदलतं, पुष्कळ घरांत नावही बदलतं, म्हणून माहेरचं नाव आणि सासरचं नाव वेगवेगळं लिहा. हे काम आज करा. घरातली सर्वांत वयस्कर बाई हीच तुमचा या बाबतीतला एकमेव दस्तऐवज आहे.

दत्तकाची चौकशी इथेच करा. बडोद्याला दत्तक समजावून सांगायला नको. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक आले आणि सयाजीराव झाले. ते गायकवाडांच्याच एका दूरच्या शाखेतले होते. असा दत्तक भाऊबंदांतून असला तर पितृरेषा बदलत नाही. बहिणीचा किंवा मुलीचा मुलगा दत्तक घेतला असेल तर आडनाव तेच राहून वाय गुणसूत्र दुसऱ्या घराण्याचं येतं. घरजावयाच्या मुलांनी आजोळचं आडनाव लावलं तरी तेच होतं. हे आधी माहीत असलं तर निकाल पाहून कोणी गोंधळत नाही आणि कोणाच्या चारित्र्यावर नको त्या शंकाही निघत नाहीत.

दुसरी पायरी: चाचणी कोणाची करायची

सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. बाईने स्वतःची चाचणी केली तर पितृरेषा कळणार नाही, कारण तिच्याकडे वाय नाही. तिने वडील, सख्खा भाऊ, काका किंवा चुलतभाऊ यांपैकी कोणाची तरी करून घ्यावी. पुरुषाला स्वतःच्या एका नमुन्यातून दोन्ही रेषा मिळतात.

खरी गंमत त्याच्या पुढे आहे. आपल्याकडे नात्यांची नावं इतकी नेमकी आहेत की कोणाकडे कोणती रेषा आहे हे नातं उच्चारताच कळतं. मामाकडे तुमची स्वतःची मातृरेषा आहे आणि शिवाय आईच्या वडिलांची पितृरेषा आहे, म्हणजे एका मामात आजोळ पुरं होतं. मामेभावाकडे आजोळची पितृरेषा असते पण मातृरेषा मामीची. मावशी आणि मावसभाऊ तुमच्याच मातृरेषेचे. आत्याकडे वडिलांच्या आईची मातृरेषा आहे आणि ती आतेभावाकडे, आतेबहिणीकडेही उतरलेली असते. आत्या नसेल तर खुद्द वडील किंवा काका चालतात, पण त्यांच्या मुलांकडे ती रेषा गेलेली नसते. म्हणजे वडील हयात नसतील आणि वडिलांच्या आईची रेषा हवी असेल, तर चुलतभावाकडे जाऊन उपयोग नाही, आतेभावाकडे जायला हवं.

तेव्हा एक नमुना तुमचा, एक मामाचा, एक आत्याचा अशा तीन नमुन्यांत किती मिळतं ते पाहा: स्वतःच्या दोन रेषा, आईच्या वडिलांची पितृरेषा आणि वडिलांच्या आईची मातृरेषा. चारही आजी-आजोबांकडून एकेक रेषा आली. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत असलेल्या घरांत एक गोष्ट तपासा. आई ही वडिलांच्या मामाची मुलगी असेल, तर वडिलांची आई आणि आईचे वडील ही सख्खी भावंडं, त्यामुळे त्यांची मातृरेषा एकच असणार. तिथे त्या मातृरेषेसाठी दोनदा पैसे घालवू नका.

शक्य असेल तर सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा नमुना आधी घ्या. त्यांच्याकडच्या काही रेषा पुढच्या पिढीत कोणाकडेच उरत नाहीत. ज्या आजीला फक्त मुलगेच झाले, तिची मातृरेषा नातवंडांत नसते.

तिसरी पायरी: कोणती चाचणी

बाजारात तीन प्रकार आहेत. पहिला साध्या वंशचाचणीचा, ज्यात आधीच ठरवलेली काही लाख ठिकाणं तपासतात. यातून हॅप्लोग्रुप मिळतो, पण बहुधा मोठ्या फांदीपर्यंतच. भारतीय उपशाखा अशा चाचण्यांत कमी असतात, म्हणून ‘एम’ किंवा ‘आर१ए’ इतक्यावर उत्तर थांबतं. काही सेवा हॅप्लोग्रुप देतच नाहीत, नुसते टक्के देतात. पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

दुसरा प्रकार वायवरच्या पुनरावृत्ती मोजण्याचा. ३७ किंवा १११ ठिकाणी एक तुकडा किती वेळा येतो ते मोजतात. भाऊबंद शोधायला हे चांगलं. त्यातून सांगितलेला हॅप्लोग्रुप मात्र अंदाज असतो. प्रत्यक्ष अक्षरबदल तपासला जाईपर्यंत त्यावर काही बांधू नका.

तिसरा प्रकार पूर्ण वाचनाचा: पूर्ण मायटोकॉन्ड्रिया, वायचा वाचता येणारा सगळा भाग, किंवा सबंध जीनोम, म्हणजे शरीरातला सगळा डीएनए. मन लावून करायचं असेल तर हाच घ्या. भारतातल्या प्रयोगशाळेकडून सबंध जीनोम वाचून घेत असाल तर तीसपट खोलीचं (प्रत्येक अक्षर सरासरी तीस वेळा वाचलेलं) वाचन मागा आणि नुसता अहवाल न घेता बीएएम फाइल, म्हणजे वाचलेल्या डीएनएची मूळ फाइल, मागून घ्या. ती साठ ते शंभर गीगाबाइटपर्यंत भरते, तेव्हा हार्ड डिस्क तयार ठेवा. हीच फाइल वायफुलसारख्या सेवेला दिली की वायची नेमकी फांदी मिळते, आणि मातृरेषेसाठी हॅप्लोग्रेप हे मोफत साधन आहे.

इथे एक तांत्रिक खाचखळगा सांगतो, कारण यात पुष्कळ जण अडकतात. तुमचं वाचन ज्याच्याशी ताडून क्रमांक देतात, अशा जुन्या एका संदर्भ-जीनोममध्ये मायटोकॉन्ड्रियाचा वेगळाच नमुना होता, १६,५७१ अक्षरांचा. तुमच्या फाइलमध्ये लांबी १६,५७१ दिसली तर क्रमांक सरकलेले असतील आणि हॅप्लोग्रुप भलताच येईल. १६,५६९ दिसायला हवं. नसेल तर प्रयोगशाळेला नव्या संदर्भावर फाइल बसवून द्यायला सांगा.

चौथी पायरी: नमुना आणि संमती

नमुन्याचं काम पाच मिनिटांचं. तासभर काही खायचं-प्यायचं नाही, तंबाखू-सुपारी नाही, चूळ भरायची, गालाच्या आतून काडी सांगितलेली वेळ फिरवायची. बडोद्याच्या मे महिन्यात पाकीट स्कूटरच्या डिकीत ठेवून दिवसभर फिरू नका.

संमतीला मात्र वेळ द्या. आत्याला, मामांना बसवून सांगा की यातून काय कळू शकतं, कोणती नको ती माहितीही निघू शकते, आणि निकाल कोणाकोणाला दिसेल. त्यांनी नाही म्हटलं तर विषय तिथेच थांबवा. कंपनीच्या शर्तींत तीन गोष्टी पाहा: नमुना पुढे नष्ट करता येतो का, माहिती संशोधनासाठी दिली जाते का, आणि खातं पूर्ण पुसता येतं का. हे गंभीरपणे घ्यायला कारण आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वंशचाचणी कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरांच्या हाती लागली आणि २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही.

पाचवी पायरी: निकालातलं नाव वाचणं

निकाल आला की पहिला घोळ अक्षरांचा होतो. पितृरेषेची अक्षरं आणि मातृरेषेची अक्षरं ही दोन स्वतंत्र झाडं आहेत. मातृरेषेत ‘एल’ म्हणजे आफ्रिकेतल्या सर्वांत जुन्या फांद्या, पितृरेषेत ‘एल’ म्हणजे मुख्यतः भारत-पाकिस्तानात आढळणारी फांदी. मातृरेषेतला ‘एच’ युरोपात सर्वांत जास्त, पितृरेषेतला ‘एच’ भारतात. ‘आर’ दोन्हीकडे आहे आणि त्या दोघांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. म्हणून वहीत लिहिताना ‘वाय-आर’, ‘माय-आर’ असं लिहायची सवय लावा.

लांबलचक नावं झाड बदललं की बदलतात. त्यापेक्षा शेवटच्या उत्परिवर्तनाचं नाव धरून चाला. ‘आर१ए-झेड९३’, ‘एच-एम६९’, ‘जे२-एम१७२’ यांतला डॅशनंतरचा भाग म्हणजे प्रत्यक्ष डीएनएतला एक ठरावीक बदल, तो बदलत नाही.

मग त्या नावापासून उलटं, मुळाकडे चालत जा आणि प्रत्येक थांबा लिहा. समजा पितृरेषा आर१ए-एल६५७ आली. वर झेड९३, त्यावर एम४१७, त्यावर आर१ए, आर१, आर, पी, के, एफ, सीटी आणि शेवटी आफ्रिकेतलं मूळ. मातृरेषा एम३० आली तर वर एम, त्यावर एल३ आणि पुन्हा आफ्रिका. भारतातल्या निम्म्याहून जास्त लोकांची मातृरेषा एम याच मोठ्या फांदीची आहे. बाकीच्या बहुतेक एल३ मधूनच फुटलेल्या एन या दुसऱ्या फांदीच्या उपशाखेतल्या, म्हणजे माय-आर आणि तिच्यातल्या यूच्या.

सहावी पायरी: प्रत्येक थांब्याला काळ लावणं

घड्याळ कसं चालतं हे स्वतः करून पाहा, मग कोणत्याही आकड्याची भीती राहत नाही. वायमध्ये दर १०० कोटी अक्षरांमागे वर्षाला सुमारे ०.८२ बदल होतो. तुमच्या चाचणीत एक कोटी अक्षरं वाचली असतील तर वर्षाला ०.००८२, म्हणजे साधारण १२२ वर्षांत एक बदल. आता दावडीकडून, साताऱ्याकडून आलेल्या एका पूर्वजाचे दोन वंशज घ्या, एकाचं घर बडोद्यात राहिलं, दुसऱ्याचं मूळ गावीच. तीनशे वर्षांत प्रत्येकाच्या वाटेवर सरासरी अडीच बदल पडतील. पण सरासरीच, एखाद्याच्या वाटेवर शून्य, दुसऱ्याच्या वाटेवर पाच असंही होतं. म्हणून ‘आमचा समान पूर्वज २८७ वर्षांपूर्वीचा’ असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ‘दीडशे ते सहाशे वर्षांच्या दरम्यान’ असं सांगितलं तर तो माणूस काम जाणतो.

मायटोकॉन्ड्रिया लहान, त्यामुळे तिथे एक बदल पडायला सरासरी सुमारे ३,६०० वर्षं लागतात. मातृरेषा तंतोतंत जुळली तरी ती बाई तुमची जवळची नातेवाईक असेलच असं नाही, समान आजी हजारो वर्षांपूर्वीची असू शकते. पेशवाईच्या काळातली हालचाल मातृरेषेतून जवळजवळ दिसतच नाही.

अहवालात दोन काळ दिलेले असतात, फांदी फुटल्याचा आणि आज हयात असलेल्या सगळ्यांचा समान पूर्वज जगल्याचा. या दोहोंत मोठं अंतर असेल तर मधल्या काळात ती रेषा बारीक धाग्यासारखी टिकून राहिली आणि मग अचानक फोफावली असं समजा. दोन्ही आकडे लिहून ठेवा.

थांब्यांचे ढोबळ काळ असे. मातृरेषेच्या झाडाचं मूळ दीड ते दोन लाख वर्षांपूर्वीचं, हे चित्र प्रथम १९८७ मध्ये कॅन, स्टोनकिंग आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी मांडलं. पितृरेषेचं मूळ अडीच लाख वर्षांच्याही मागे जातं. ती काही जगातली पहिली स्त्री किंवा पहिला पुरुष नव्हेत. त्यांच्या काळी इतर हजारो माणसं होती, त्यांच्या सरळ रेषा वाटेत खुंटल्या इतकंच. आफ्रिकेबाहेर पडलेली आणि आज जगभर पसरलेली मातृरेषा एल३ मधून फुटलेल्या एम आणि एन या दोनच फांद्यांची, पन्नास-साठ हजार वर्षांपूर्वीची. त्यानंतरचे थांबे प्रत्येकाचे वेगळे. आर१ए-एम४१७ चा समान पूर्वज साडेपाच हजार वर्षांच्या आसपासचा आणि झेड९३ त्याच्या थोडा अलीकडचा.

सातवी पायरी: हाडांशी ताडून पाहणं

आज एखादी फांदी जिथे जास्त आढळते तिथेच ती जन्मली, असं धरून चालणं ही जुनी सवय आहे, ती सोडा. माणसं हलतात. जागा ठरवायला प्राचीन सांगाड्यांतला डीएनए लागतो, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत तोच हाती आला.

आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची व्यक्ती राखीगढीची. हरियाणातल्या हिसार जिल्ह्यातल्या या हडप्पाकालीन स्थळावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन झालं. आपल्या हवामानात हाडांतला डीएनए टिकत नाही. एकसष्ट नमुने तपासल्यावर एकाच स्त्रीकडून वाचण्याजोगा डीएनए मिळाला आणि २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिची मातृरेषा यू२बी२. तुमच्या किंवा मामांच्या निकालात यू२बी आलं तर साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या सिंधू संस्कृतीतल्या एका बाईशी तुमची मातृरेषा एका फांदीवर येते. मात्र ती तुमची आजी होती असं म्हणू नका, समान आजी तिच्याही खूप आधीची असू शकते.

यू२ची वाट तर फार लांबची आहे. रशियातल्या कोस्तेन्की इथे सापडलेला सदतीस-अडतीस हजार वर्षांपूर्वीचा पुरुषही यू२ मातृरेषेचा, आणि त्याची पितृरेषा सी१बी, जिची एक शाखा आजही भारतात आहे. हिमयुगातल्या युरोपातला शिकारी आणि आजचा बडोदेकर एका फांदीच्या दोन डहाळ्यांवर असू शकतात.

आर१ए-झेड९३ युरल पर्वताच्या दक्षिणेकडच्या सिंताश्ता संस्कृतीच्या सांगाड्यांत इसवी सनापूर्वी २१०० ते १८०० या काळात सापडतो. गवताळ प्रदेशातली ही माणसं त्यानंतर दक्षिणेकडे सरकली आणि इथल्या लोकांत मिसळली, हे २०१९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या पाचशेहून जास्त प्राचीन व्यक्तींच्या अभ्यासात मांडलं गेलं. वाय-आर२ इराणमधल्या गंज दारेहच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसांत दिसतो. वाय-एलची एक शाखा आर्मेनियातल्या अरेनी गुहेत सहा हजार वर्षांपूर्वी होती. पण आर्मेनियात हाड सापडलं म्हणून एल तिथूनच आला असं ठरत नाही. थंड, कोरड्या गुहांत डीएनए टिकतो, आपल्या मातीत टिकत नाही, त्यामुळे नकाशा मुळातच एकांगी आहे.

आठवी पायरी: जवळच्या समाजांवर हात बसवणं

स्वतःच्या निकालाचा अर्थ लावण्याआधी, ज्यांचा इतिहास स्पष्ट आहे अशा समाजांचं वाचन करून पाहा. गुजरातेत आपल्याला हे सहज मिळतं.

पारशी संजाणला आले आणि राजाच्या दरबारात दुधात साखर मिसळून दाखवली, ही कथा बडोद्यात कोणाला माहीत नाही? डीएनए काय सांगतो पाहा. पारशांच्या पितृरेषा प्रामुख्याने पश्चिम आशियातल्या, मातृरेषांत मात्र भारतीय फांद्या पुष्कळ. संजाणच्या जुन्या दख्म्यातल्या (पारशांच्या मृतदेह ठेवण्याच्या जागेतल्या) अवशेषांवर २०१७ मध्ये झालेल्या अभ्यासात निम्म्याच्या आसपास मातृरेषा दक्षिण आशियाई निघाल्या. एकच रेषा पाहिली असती तर निम्मी गोष्ट हरवली असती. त्यात घर सोडून आलेले पुरुष दिसतात आणि त्यांच्या घरात आलेल्या इथल्या बायकाही दिसतात. मुंडा भाषा बोलणाऱ्या आदिवासींतही अशीच असमानता आहे: पितृरेषा मोठ्या प्रमाणात आग्नेय आशियाकडची ओ-एम९५, मातृरेषा जवळजवळ सगळ्या भारतीय.

बडोद्याहून भरूचकडे गेलं की रतनपूरला बावा गोरचं ठिकाण आहे, आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजाचं श्रद्धास्थान. सिद्दींत बी आणि ई या आफ्रिकी पितृरेषा आणि एल मातृरेषा आढळतात, आणि त्याबरोबर भारतीय रेषाही. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूजीवशास्त्राच्या संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये हे तपशिलाने मांडलं. इथे मातृरेषेतला एल नुसता ‘आफ्रिकेतलं मूळ’ एवढं सांगत नाही, तो गेल्या काही शतकांतला समुद्रप्रवास सांगतो. हा फरक फक्त बारीक फांदी आणि तिचा काळ पाहिल्यावर कळतो, म्हणूनच पूर्ण वाचनाचा आग्रह.

युरोपातला रोमा हा भटका समाज याचं उलटं उदाहरण. त्यांच्या पितृरेषांत एच-एम८२ भरपूर, मातृरेषांत एम५. हजार-दीड हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघालेल्या माणसांनी भाषेसोबत या दोन खुणाही बरोबर नेल्या.

निकालावरून काय ठरवू नये

आर१ए आला म्हणून कोणी ‘आर्य’ ठरत नाही आणि एच आला म्हणून कोणी ‘मूळनिवासी’ ठरत नाही. आंध्र-तेलंगणातल्या चेंचू आदिवासींच्या पुरुषांत सुमारे एक चतुर्थांश आर१ए सापडला आहे. एचची एक भावकी युरोपातल्या पहिल्या शेतकऱ्यांतही होती. भारतातले जवळजवळ सगळे समाज साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात एकमेकांत मिसळले आणि त्यानंतर जातीतल्या जातीत लग्नं होऊ लागली, हे २०१३ मध्ये दाखवलं गेलं आहे. आपण ज्याला शुद्ध म्हणतो ते सगळं त्या मिसळणीनंतरचं आहे. हॅप्लोग्रुप दाखवून कोणाचा मान वाढवणं किंवा कोणाला परकं ठरवणं, या दोन्ही गोष्टींचा मी मनापासून विरोध करतो, आणि विज्ञानही त्याला आधार देत नाही.

आडनावावरूनही घाई नको. शिंदे, मोरे, पवार, जाधव, चव्हाण ही आडनावं अनेक जातींत आहेत. दोन पवारांचे वाय वेगळे निघाले तर कोणाचंही काही चुकलेलं नाही. उलट एकाच मूळ गावचे, एकाच कुलदैवताचे, वेगवेगळ्या शाखांतले चार-पाच पुरुष मिळून वायचं पूर्ण वाचन करत असतील तर ते फार मोलाचं काम आहे. कुलवृत्तांतातल्या शाखा खऱ्या कुठे फुटल्या ते त्यातून दिसतं, आणि तीनशे वर्षांच्या आतलं, आपलं बडोद्याला येणंही दिसू शकतं.

शेवटची पायरी: नोंद आणि जपणूक

प्रत्येक नमुन्यासाठी एक पान करा: कोणाचा नमुना, नातं, कोणती रेषा, चाचणीची तारीख, शेवटचं उत्परिवर्तन, कोणत्या झाडाच्या कोणत्या आवृत्तीवर नाव दिलं. आवृत्ती लिहायला विसरू नका. मातृरेषेचं जे झाड वर्षानुवर्षं सगळे वापरत होते, ती फायलोट्रीची सतरावी आवृत्ती २०१६ ची. २०२५ मध्ये मायटोट्री नावाचं खूप बारीक झाड आलं आणि अनेकांची नावं लांबली. उद्या तुमच्या नातवाला जुना अहवाल आणि नवा अहवाल वेगळा का दिसतो हे त्या एका ओळीवरून कळेल.

मूळ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक घरात, एक मूळ गावच्या भाऊबंदांकडे. ज्यांचा नमुना आहे त्यांची संमती कागदावर त्याच फोल्डरमध्ये असू द्या. आणि दिवाळीत वर्षातून एकदा तुमच्या फांदीवर नवं कोणी आलं का, शेजारी एखादा प्राचीन सांगाडा जोडला गेला का, ते पाहा. भारतातले नमुने अजून थोडे असल्याने आपल्या फांद्यांवर दरवर्षी काहीतरी नवीन येतं.